कार्बन काढायचे रविवार

बाबा जावयाशी पहिल्यांदा मनापासून बोलले तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं ऐकल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही.

बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. तिनं लोणी काळभोरच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा कॉलेजात वाणिज्य शिकवणारा, सरळ, कमी बोलणारा. पण आपल्यातला नव्हे. बाबांनी तमाशा केला नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले, आणि त्यानंतर जावयाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. ‘या.’ ‘बसा.’ ‘निघालात?’ सगळं अहो-जाहोत, आणि प्रत्येक शब्दागणिक खोलीतली हवा थोडी गार व्हायची. त्या काळात मध्यस्थी करणारा मी होतो. बहिणीची बाजू आईपाशी मांडली मी, आईकडून बाबांपर्यंत पोहोचवली मी. मेहुणा घरी आला की त्याच्याशी क्रिकेटपासून परीक्षेच्या पेपरांपर्यंत वाटेल ते बोलत बसायचो, केवळ त्या शांततेत त्याला एकट्याला बसायला लागू नये म्हणून.

अशी काही वर्षं गेली, मग ती भाऊबीज आली.

बाबांची एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. कार्बोरेटरवाली, हातानं काचा खाली करायची. पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला असताना घेतलेली. ती विकायचा विषय कुणी काढला की बाबा कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. त्या गाडीतून आम्ही लोणीला गेलो. चालवत मी होतो. बहिणीच्या अंगणात गाडी लावली, किल्ली काढून हातात घेतली, तरी इंजिन थांबेना. खडखड, धडधड, एक मोठा हिसका, पुन्हा खडखड. सासरची माणसं ओट्यावर येऊन बघायला लागली. मी किल्ली हातात धरून मूर्खासारखा बसलो होतो. शेवटी गाडी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला तेव्हा ती गचका खाऊन गप्प झाली.

“काय चालवतोस,” बाबा म्हणाले.

मेहुणा पुढे आला होता. त्यानं बॉनेटकडे बघत विचारलं, “बाबा, किल्ली काढल्यावर ठिणगी बंद होत असेल ना? मग आत पेट्रोल पेटतं कशानं?”

बाबा दार उघडून अर्धे बाहेर आले होते, ते तसेच थांबले. त्यांनी जावयाकडे असं पाहिलं की जणू हा माणूस आत्ताच तिथे उगवला.

“कार्बननं,” ते म्हणाले. “जुनं इंजिन आहे. पिस्टनच्या डोक्यावर आणि वर हेडच्या, म्हणजे इंजिनवर बसवलेल्या भागाच्या, पोकळीत वर्षानुवर्षं काजळीचा थर साचत जातो. तो तापून निखाऱ्यासारखा लाल होतो. मग ठिणगीची गरजच काय? तो निखाराच पेट्रोल पेटवतो.”

“म्हणजे चढावर गाडी खडखडते तेही त्यामुळेच?”

“अगदी बरोबर!”

‘अगदी बरोबर’ हे शब्द बाबांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकले नव्हते. ओवाळायचं ताट तयार होतं, बहीण दोनदा हाका मारून गेली, आणि हे दोघं बॉनेट उघडून उभे. आईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं जी गाठ मला सुटली नाही ती एका प्रश्नानं सुटली होती.

परत येताना हडपसरच्या आसपास बाबा म्हणाले, “हेड उतरवून कार्बन काढायला हवा.”

“मी काढतो ना,” मी म्हटलं.

“तू?”

एवढंच. मग थोड्या वेळानं, बाहेर बघत, “जावईबापूंना विचारतो. रविवारी ते मोकळे असतात.”

इथे मला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. लहानपणापासून मी बाबांना इंजिनं उघडताना पाहत आलो होतो. आधी स्कूटर, मग ही गाडी. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण पाना हातात घेतला की तो तिथं पोहोचायच्या आत बाबांनी हिसकावून घेतलेला असायचा. ‘हो बाजूला. तुझं काम नाही ते.’ शेवटी मी खरंच बाजूला झालो. कॉम्प्युटर शिकलो, नोकरीला लागलो, आणि माझ्या गाडीचं बॉनेट आजवर मी स्वतः उघडलेलं नाही.

त्या आठवड्यात मी इंटरनेटवर वाचून एक बाटली मागवली. पेट्रोलमध्ये ओतायची, कार्बन आपोआप सुटतो म्हणे. बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून बाटलीवरचं सगळं बारीक अक्षरांतलं वाचलं आणि माझ्या हातात परत दिली.

“हे तू घे. सकाळ-संध्याकाळ एकेक झाकण. तुझ्याही डोक्यात साचलंय बरंच.”

रविवारी मेहुणा आला तो जुनी पँट आणि फाटका शर्ट पिशवीत घेऊनच. सदाशिव पेठेतली आमची इमारत म्हणजे खाली अरुंद पार्किंग आणि तिथे शेजारच्या क्लासला येणाऱ्या मुलांच्या स्कूटी. त्या बाजूला सरकवून या दोघांनी जागा केली. सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन येताना थांबले आणि म्हणाले, “गॅरेजचं उद्घाटन आम्हाला कळवलं नाहीत.” बाबांनी मानही वर केली नाही. मेहुण्यानं मात्र उठून नमस्कार केला, आणि तोच माणूस अर्ध्या तासानं बसायला एक जुनी सतरंजी देऊन गेला. हेही मला आवडलं नाही.

मी गॅलरीतून बघत होतो. म्हणजे कपडे वाळत घालत होतो. आई म्हणाली, “तोच टॉवेल किती वेळा झटकशील? खाली जा की.”

“मला कुणी बोलावलं नाहीये.”

“आमंत्रणपत्रिका छापायला टाकू का?”

तिनं चहाचा ट्रे हातात दिला, म्हणून गेलो. तोवर रेडिएटरचं पाणी काढून झालं होतं, कार्बोरेटर उतरला होता, आणि बाबा बोल्ट कसे ढिले करायचे ते समजावत होते. बाबांचा उजवा खांदा आखडलेला आहे, जोर लावता येत नाही, म्हणून पाना मेहुण्याच्या हातात. आणि त्याला तो नीट धरताही येत नव्हता! बोल्टवरून सटकला, बोटं सोलवटली. मी मनातल्या मनात मोजायला लागलो: आता ओरडणार, आता हिसकावणार.

“असं नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. “पाना आधी पूर्ण बसू द्या. मग ओढा. घाई नाही आपल्याला.”

घाई नाही आपल्याला! माझ्या हातून चहा सांडला.

“दिसत नाही का खाली?” बाबा मला म्हणाले.

दोघांनी मिळून हेड उचललं आणि सतरंजीवर उलटं ठेवलं. आतलं दृश्य मी विसरणार नाही. चारही पोकळ्या काळ्याकुट्ट, कढईच्या बुडाला करपलेल्या दुधासारखे जाड थर, कुठे सुकून भेगाळलेले, कुठे तेलकट. पिस्टनची डोकी तशीच. बाबांनी बांबूची एक पट्टी तासून धार केली होती. रॉकेल लावून थर मऊ करायचा आणि त्या पट्टीनं खरवडायचा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, लोखंड लागलं की ओरखडा पडतो. हे त्यांनी जावयाला दोनदा सांगितलं. दोनदा. मग वाल्व्ह काढून ते स्वतः घासत बसले.

मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. खाली बसायला सतरंजीवर जागा होती, पण सरका असं कुणी म्हटलं नाही आणि मीही सरकून घेतलं नाही. काम चांगलं चाललं होतं. काळ्याखालून हळूहळू पांढुरका धातू दिसायला लागला, आणि प्रत्येक पोकळी साफ झाली की मेहुणा ती बाबांना दाखवायचा, शाळेतल्या मुलानं पाटी दाखवावी तशी. बाबा वाकून बघायचे. “छान. तो कोपरा राहिला.” मी पन्नाशीला आलेला माणूस. घरी बायको आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे. आणि बापानं दुसऱ्याला छान म्हटलं म्हणून मी पायरीवर बसून ओठ चावत होतो.

मग एक थर निघेना, तेव्हा मेहुण्यानं बांबू ठेवला आणि सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला. मी पाहिलं. बोललो असतो तर थांबला असता. तोंड उघडेपर्यंत कर्र आवाज आला आणि स्वच्छ झालेल्या धातूवर एक लांब चकचकीत रेघ उमटली.

मेहुणा पांढराफटक पडला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवून रेघ पाहिली, आणि ज्या आवाजाची मी वाट बघत होतो तो आलाच नाही.

“असू दे. कडेपासून लांब आहे, गॅस्केटच्या जागी नाही. होतं असं. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मी उठून वर आलो.

दुपारी दोघं हेडखाली घालायचं नवं गॅस्केट आणायला नाना पेठेत गेले. रविवारी निम्मी दुकानं बंद असतील म्हणून मी सांगत होतो. एक उघडं सापडलं. येताना शनिवार पेठेत मिसळ खाऊन आले. बाबा! बाहेरचं खाऊन पोट बिघडतं म्हणून ज्यांनी मला कॉलेजच्या वयापर्यंत भेळेची चव कळू दिली नाही, ते बाबा मिशीला लागलेली तर्री पुसत जिना चढत होते आणि आईला सांगत होते, “जावईबापूंनी आग्रह केला, मग मोडवेना.”

मेहुणा मागच्या गॅलरीत हात धूत होता. साबणाच्या चुऱ्यानं खसाखसा घासत होता. मी टॉवेल घेऊन गेलो, आणि तो देताना न राहवून म्हणालो, “जमतंय की तुम्हाला. बाबा खूश आहेत. आम्हाला कधी बोटसुद्धा लावू दिलं नाही इंजिनला.”

त्यानं नळ बंद केला. त्याचे हात तेव्हा मी जवळून पाहिले. मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते.

“हे काय झालं?”

“रॉकेल सोसत नाही मला. लहानपणापासून.” त्यानं हात टॉवेलात गुंडाळले. “दादा, खरं सांगू? मला यातलं काही आवडत नाही. काजळी, तेल, तो वास. त्या दिवशी गाडी बंद होईना, तुमचा चेहरा पडलेला, सगळी बघायला लागलेली. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो मी.”

“मग येता कशाला?”

“बाबांनी फोन केला. लग्नानंतर पहिला फोन त्यांचा. नाही कसं म्हणू?”

खाली क्लास सुटला होता, मुलांच्या स्कूटी एकामागून एक चालू होत होत्या. तो माझ्याकडे न बघता पुढे बोलला, आणि आमच्या घरी सांभाळून बोलायची त्याची भाषा सुटत गेली.

“तुम्हाला वाटतं ते माझं कौतुक करत्यात. दादा, आज एवढा मोठा ओरखडा पाडला मी. तुम्ही पाडला असता तर?”

“तर आज मी जेवलो नसतो.”

“तेच. माझ्या घरी माझा बाप अजून मला शिव्या घालतो. भाजी चुकीची आणली तरी आख्खी गल्ली गोळा करतो. इथं मला कोण एक शब्द बोलत न्हाई. ओरखडा पाडला तरी असू दे, अन् चहा सांडला तरी असू दे. पाव्हण्याला कोण रागावतं? तुम्हाला चहावरून बोलले ना सकाळी, तवा मला वाटलं, हा माणूस घरातला हाय.”

मी औषधाच्या डब्यातलं मलम आणून दिलं. त्याच्याबद्दल वाईट वाटलं, हे खरंच. पण त्याचबरोबर, अगदी आत, थोडं सुखही वाटलं. म्हणजे मी जिंकलो होतो तर. त्या रात्री मी छान झोपलो.

पुढच्या रविवारी जोडणी होती. मी हातमोजे विकत आणले होते, मेहुण्यासाठी. बाबांनी विचारलं, “हे लाड कशाला?” तेव्हा मी चट्ट्यांचं सांगून टाकलं. बाबा एकदम ओशाळले. जावयाचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि रॉकेलचा डबा स्वतःकडे ओढून घेतला. मला म्हणाले, “तू बस इकडे. पुस हे.” अखेर सतरंजीवर जागा मिळाली होती. मी फडकं घेऊन ब्लॉकचा, म्हणजे गाडीतच राहिलेल्या इंजिनचा, माथा पुसायला लागलो, इतका जपून की बाबांनी “पुसतोयस की गोंजारतोयस?” असं विचारलं. ते ऐकून मी मेहुण्याकडे पाहिलं. तो हसला. मीही हसलो. आमच्यात तेवढ्यापुरतं काहीतरी जुळलं होतं.

त्यानं नवं गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं. आम्ही दोघांनी हेड उचललं. बाबा किंचित वाकून बघत होते. हेड टेकणार इतक्यात ते असे ओरडले की जिन्यावरची मांजर पळाली.

“अरे गाढवा! थांब! उलटं घातलंस ते! तेलाचं भोक बुजलं, तेल काय तुझ्या डोक्यातून जाणार आहे? डोळे आहेत की बटणं? लिहिलंय त्याच्यावर एवढं मोठं, वरची बाजू म्हणून! कॉलेजात शिकवतोस ना रे?”

आम्ही हेड हातात धरून तसेच उभे. जड होतं. आपण जावयाला काय बोललो ते बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम थांबले आणि म्हणाले, “म्हणजे... जावईबापू, तसं नाही...”

“न्हाई न्हाई, बाबा, चुकलंच माझं,” मेहुणा म्हणाला.

त्याचा चेहरा मी पाहिला. बक्षीस मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो. कानापर्यंत लाल झाला होता आणि हसू दाबत होता. गॅस्केट उलटून बसवताना तो चक्क गुणगुणत होता. आणि बाबा, एकदा बांध फुटल्यावर, थांबेचनात. “मधल्या बोल्टपासून सुरुवात कर. मधल्या म्हणतोय मी! मग बाहेर बाहेर जा. अरे, एवढा दाबू नकोस.” अहो गेलं, तुम्ही गेलं, जावईबापूही गेलं. दुपारपर्यंत त्याला त्यांनी गाढव, बैल आणि एकदा तर लोणीचा गोळाही म्हणून घेतलं. मला एकदाही काही म्हणाले नाहीत. काम नसलेल्याला कोण रागावणार? मी पाने पुसून ओळीनं लावत बसलो होतो. माझ्याकडे जे एकच उरलं होतं, तेही आता त्याच्याकडे गेलं होतं.

गाडी दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. आधी निळा धूर, मग साफ. बाबांनी थोडी रेस दिली, कान देऊन ऐकलं, किल्ली फिरवली. इंजिन त्या क्षणी गप्प झालं. आई वरून टाळ्या वाजवत होती. सेक्रेटरी म्हणाले, “आता आमची स्कूटर कधी आणू?” मग जवळच एक फेरी मारायला म्हणून तिघंही बसलो. चालवायला मेहुणा, शेजारी बाबा, मागे मी. पर्वतीच्या बाजूच्या चढावर बाबा मागे न वळता म्हणाले, “आवाज ऐकलास का? खडखड नाही.” ते कुणाला म्हणाले, मला की त्याला, ते मला कळलं नाही. दोघंही एकदमच ‘हो’ म्हणालो.

नवं गॅस्केट थोडं दबतं, त्यामुळे गाडी काही दिवस फिरल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, आणि तेही इंजिन थंड असताना. एका सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, बाबा माझ्या दारात उभे राहिले.

“वेळ आहे का? जावई कामावर गेला असेल.”

म्हणजे तो नव्हता म्हणून मी. तरी मी ऑफिसला उशीर होईल असा निरोप धाडला आणि खाली गेलो. वरचं झाकण काढलं. मधल्या बोल्टपासून सुरुवात केली, मग आलटून पालटून बाहेरच्या बाजूला. पाना पूर्ण बसू द्यायचा, मग सलग ओढायचं. इतक्या वर्षांत नुसतं पाहून साठवलेलं सगळं हातात आपोआप उतरत होतं. बाबा स्टुलावर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होतो. छान नाही तर निदान गाढव तरी. काहीच नाही. शेवटचा बोल्ट झाला, झाकण बसवलं, रॉकेलच्या फडक्यानं हात पुसले. बाबा उठले, गुडघे धरून दोन पायऱ्या चढले आणि म्हणाले, “आंघोळ करून जा. वास येतो रॉकेलचा.”

दुपारी ऑफिसात डबा खाताना बहिणीचा फोन आला.

“काय रे दादा, आज बोल्ट आवळलेस म्हणे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबांनी ह्यांना फोन केला होता. दहा मिनिटं बोलत होते. म्हणाले, पोराचा हात चांगला आहे. मला एक अक्षर सांगावं लागलं नाही. उगाच इतकी वर्षं बाजूला ठेवला, म्हणाले.”

माझा घास तोंडातच राहिला. केवढी मोठी गोष्ट होती ती. मी ती दोनदा तिच्याकडून वदवून घेतली. आणि मग, त्या आनंदाच्या पाठोपाठ, ओळखीची ती टोचणी आलीच.

“हे त्याला का सांगितलं?”

“मग कुणाला सांगणार?”

“मला.”

ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बाबा खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बराच वेळ राहिलो असेन, कारण त्यांनी शेवटी पेपर खाली केला.

“काय?”

“काही नाही.”

“मग उजेडातून बाजूला हो.”